गोलंदाजाचं निशाण

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. आत गेल्यावर उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा उभ्या दिसतात. अंगावर यॉर्कशरमधल्या लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचं नाव. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी तिथे होतो, तेव्हा किल्ल्यातलं प्लास्टिक उचलायला दहा-बारा जणांची तुकडी आली होती. त्यांत सत्तरीच्या पुढचे एक काका होते. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, हातात गोणपाट. सोबतच्या शाळकरी मुलाने त्यांना विचारलं, ‘‘काका, तुम्ही मिलिटरीत कोण होता?’’

‘‘गोलंदाज.’’

‘‘फास्ट की स्पिन?’’

काका रागावले नाहीत. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला तोफेच्या मागच्या अंगाला नेऊन उभं केलं आणि तिच्या पाठीवरचं बारीक भोक बोटाने दाखवलं. ‘‘हा तिचा कान. इथून तिला ऐकू येतं, मग ती बोलते.’’

घरी आल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मुलाचं काही चुकलं नव्हतं. मराठीत गेली कित्येक दशकं गोलंदाज म्हणजे चेंडू टाकणारा. वर्तमानपत्रांनी तो तसा वापरला, बाळ पंडितांसारख्यांच्या मराठी समालोचनाने असे शब्द आकाशवाणीवरून घरोघर नेले, आणि क्रिकेटला इतका नेमका शब्द मिळाला की मूळ धन्याला तो परत मागायची सोय उरली नाही. तोफखान्यात आयुष्य काढलेला मराठी माणूस आज स्वतःला ‘गनर’ म्हणतो, फार तर ‘मी तोफखान्यात होतो’ म्हणतो.

शब्द फारसी आहे. ‘गोल’ म्हणजे गोळा आणि ‘अंदाज’ म्हणजे टाकणारा, ‘अंदाख्तन’ या फेकणे अर्थाच्या क्रियापदापासून. तीरंदाज तसाच, बर्कंदाजही तसाच. बर्क म्हणजे वीज, म्हणून बंदूकवाला शिपाई हा वीज फेकणारा. पण मला यात गुंतवून ठेवतो तो शेवटचा तुकडा. या क्रियापदाचं जुनं पहलवी रूप मोजणे, आखणे, बेत करणे याही अर्थाने वापरलं जाई. अरबीत भूमितीला ‘हंदसा’ म्हणतात आणि इंजिनिअरला ‘मुहंदिस’. तेही याच घराण्यातले. आपण रोज बोलतो तो ‘अंदाज’ही त्याच गोतावळ्यातला. म्हणजे फेकणं आणि मोजणं या दोन क्रिया भाषेच्या तळाशी एकमेकींना चिकटून आहेत. तोफखान्यातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की गोळा उडवणं सोपं. अंतर, वारा, उंची यांचा हिशेब बांधणं हे खरं काम. गोलंदाज या शब्दात तो हिशेब आधीपासूनच बसलेला आहे.

आता ‘तोफ’ घ्या. मूळ तुर्की ‘तोप’. हिंदीने प ठेवला, आपण फ केला. तुर्कीत तोप म्हणजे आधी गोल वस्तू, चेंडू. मग गोळा, मग गोळा फेकणारं यंत्र. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याचं नाव म्हणजे सरळ ‘तोफ-दरवाजा’. पण आजही तुर्की पोरं मैदानात ज्या चेंडूने फुटबॉल खेळतात त्याला तोपच म्हणतात. ‘बंदूक’ची गोष्टही अशीच. अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट नावाचं टणक गोल फळ, त्यावरून गोळी, गोळीवरून हत्यार. तेव्हा अलिबागच्या त्या पोराने गोलंदाजाच्या हाती चेंडू दिला, त्यात शब्दाचा अपमान झाला नाही. शब्द आपल्या जुन्या घरी जाऊन आला. माझं दुःख वेगळं आहे. तो मैदानावर गेला याचं नाही, तटावर परत आला नाही याचं.

कारण एके काळी हा शब्द अगदी सरकारी कागदावर होता. भारतीय तोफखाना आपला वर्धापनदिन २८ सप्टेंबरला पाळतो. १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्यात एक कंपनी उभी राहिली. पुढे ती पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी झाली आणि आज ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये आहे. उभारणीच्या वेळी ती ज्या पलटणीची आठवी कंपनी होती, तिचं नावच मुळी गोलंदाज बटालियन. इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या जिभेवर बसेल असं दुसरं नाव देता आलं असतं, पण माणसं ज्या नावाने स्वतःला ओळखत होती तेच त्यांनी ठेवलं. इंग्रजांनी दोनशे वर्षांपूर्वी जपलेला शब्द आपल्याला आपल्या माजी सैनिकांसाठी वापरता येऊ नये, हे मला पटत नाही.

‘माजी’सुद्धा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. अरबी ‘माझी’ म्हणजे होऊन गेलेला. उर्दू व्याकरणात भूतकाळाला हेच नाव. माजी आमदार, माजी सरपंच ठीक आहे, पद गेलं की माणूस माजी. पण सकाळी पाचला उठून अंथरुणाची चौकोनी घडी घालणारा, पंधरा ऑगस्टला छातीवर पदकं लावून शाळेत पहिल्या रांगेत उभा राहणारा, रविवारी गोणपाट घेऊन किल्ल्यात शिरणारा माणूस होऊन कुठे गेलेला असतो?

शब्द तटावरून गेला, पण या किनाऱ्यावर तोफांना कमी नाही. रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी त्या मातीत पडल्या आहेत, कोर्लईवर आहेत, खांदेरीवर आहेत. जंजिऱ्याच्या कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम यांना तर लोकांनी घरातल्या माणसांसारखी नावं दिली. तोफ नुसती वस्तू असती तर तिला कोणी ‘लांडा’ म्हणून चिडवलं नसतं. आणि या पट्ट्यात पोर्तुगीज इतके मुरले की कोर्लई गावात त्यांच्या भाषेपासून घडलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. काडतूस, पिस्तूल, कप्तान हे सगळे त्यांच्याकडून आलेले. ज्या आरमाराच्या प्रमुखाने, कान्होजी आंग्र्यांनी, १७२१ साली याच कुलाब्यासमोर इंग्रज आणि पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम परतवली, त्या ‘आरमारा’चं मूळही पोर्तुगीज ‘आर्मादा’त सापडतं. शत्रूचा शब्द उचलून शत्रूवरच चालवला!

पण अगदी आपला, घरगुती असा तोफेचा जुना शब्द विचाराल तर तो ‘भांडं’. शिवकाळातल्या आणि त्यानंतरच्या कागदांत तोफांना सरसकट भांडी म्हटलेलं सापडतं. नव्या वाचकाला वाटतं, किल्ल्यावर पातेली कशाला हवीत इतकी? ओतीव धातूचं, पोकळ, तोंड असलेलं ते भांडं. मला हा शब्द विलक्षण जिव्हाळ्याचा वाटतो, कारण भांड्याला घासावं लागतं, पुसावं लागतं, पालथं-उताणं करावं लागतं. रामचंद्रपंत अमात्यांचं १७१५ च्या सुमाराचं आज्ञापत्र नेमकं हेच सांगतं. पावसाळ्यात भांड्यांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं, भांड्यांचे कान मेणाने बुजवावेत, वर आच्छादन घालावं, भांडी बळकट गाड्यांवर चढवून ठेवावीत, अशी ती तपशीलवार सूचना आहे. राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या ग्रंथात अमात्यांना तोफेचा कान आठवला. समुद्राकाठी चार महिने धो धो पाऊस झेलणाऱ्या मुलखाचा तो कारभारी होता, त्याला ठाऊक होतं की तोफ लढाईत मरत नाही, पागोळीखाली मरते.

त्या कानाचा आणखी एक उपयोग होता. किल्ला सोडून जायची वेळ आली, किंवा शत्रूची तोफ हाती लागली पण नेता येईना, की कानात खिळा ठोकत. तोफ बहिरी झाली की मुकीही झाली. काकांनी त्या पोराला सांगितलं ते एका वाक्यात हेच होतं, आणि आज्ञापत्र त्यांनी वाचलेलं नव्हतं; मी विचारलं. तोफखान्यातल्या चोवीस वर्षांत त्यांच्या हाताला आपोआप झालेली ती ओळख.

आज हे तेल-मेणाचं काम कोण करतं? बरंचसं पगार न घेणारी माणसं. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गडप्रेमींच्या संस्था दर आठवड्याला गडावर चढतात. सह्याद्री प्रतिष्ठानच्या स्वयंसेवकांनी वर्गणी काढून किल्ल्याकिल्ल्यांवर मातीत रुतलेल्या तोफा वर काढल्या, सागवानी तोफगाडे बनवून त्यांवर बसवल्या, दरवाजेही बसवले. संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही, करूही नये. म्हणून यांच्या कामात हातोड्याइतकीच चिकाटी अर्ज-विनंत्यांना लागते. एवढी धातूची लांबलचक नळी वर डोंगरावर उचलायची, तर दोरखंड, ओंडके आणि पन्नास माणसांचा एका सुरात निघणारा हुंकार लागतो. ते करणाऱ्यांत वीस वर्षांची पोरं असतात आणि हातवारे करून त्यांना ‘थांब, आता खेच’ सांगणारा एखादा निवृत्त फौजी असतो. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत रायगड जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. पाटी लागली, आनंदच आहे. पण पाटीखालची तोफ पुसायला माणूसच लागणार.

हे करणारे परतताना जी भाषा बोलतात तिच्यातही दारूचा वास आहे. ‘डागणे’ पाहा. डाग म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका. वैदू पोटावर देतो तो. तोफेच्या कानालाही तसाच निखारा टेकवायचा, म्हणून तोफ डागायची. पत्रकार मंत्र्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात, ती बंदुकांच्या रांगेने एकदम दिलेली बत्ती. ‘फैर’ म्हणजे इंग्रजी ‘फायर’च, आपल्या जिभेवर वळलेला. हुतात्म्याच्या अंत्यसंस्काराला हवेत फैरी झडतात; त्या शब्दाला चर्चेच्या ‘फेऱ्यां’त मिसळू नये, एवढी माझी बातमीदारांना हात जोडून विनंती. आणि ‘दारू’? फारसीत तिचा अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अजून जिवंत आहे. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला ‘अग्नी-औषध’ म्हणतात, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून राहिलो.

स्मरणाच्या शब्दांकडे वळलं की जिल्ह्याचा नकाशाच उघडतो. महाड तालुक्यात एका गावाचं नाव लोकांनी फौजी आंबवडे असं पाडलं, कारण पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणूस सैन्यात गेला. अरबी ‘फौज’ आणि कोकणातलं आंबवडे, असं जोडनाव कुठल्या राजपत्रातून येत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान, वय बावीस-तेवीस, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. घाडगे पायदळातले, तोफखान्यातले नव्हेत. पण पुतळ्यासमोर पदकं लावून उभा राहणारा निवृत्त गोलंदाज हा भेद मानत नाही.

स्मारकाला आपल्याकडे खूप जुना शब्द होता, ‘वीरगळ’. त्यातला ‘गळ’ म्हणजे कानडी ‘कल्लु’, दगड. बोरिवलीजवळ एकसरला असे वीरगळ आहेत ज्यांवर होड्यांची लढाई कोरली आहे. समुद्रावर पडलेल्यांची आठवण दगडावर. अलिबागजवळच्या आक्षीला तर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठी लेख एका गद्धेगळीवर, म्हणजे शापशिळेवर, आहे, त्यातल्या गळचंही मूळ हाच दगड मानतात. ज्या किनाऱ्यावर मराठीचा इतका जुना अक्षरठसा दगडावर उमटला, तिथे दगडाला आणि लोखंडाला बोलतं ठेवायची सवय नवीन नाही.

तोफखान्याचं ब्रीद ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’ असं आहे. पहिला शब्द संस्कृत, पुढचे दोन अरबी, मध्ये सांधणारा ‘ओ’ फारसी. कोणी शुद्धीकरणाचा चाकू फिरवला असता तर हे वाक्य टिकलं नसतं. आणि पायदळाच्या पलटणींना निशाण असतं, तसं तोफखान्याला वेगळं निशाण नसतं. तोफ हेच त्याचं निशाण. तिला सलाम करायचा, तिला शत्रूच्या हाती पडू द्यायचं नाही. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनापासून दिल्लीत एकवीस तोफांची सलामी देशी बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफा देतात, तेव्हा एका अर्थाने निशाणच निशाणाला मानवंदना देतं. फारसी ‘निशान’ म्हणजे खूण. मराठीत त्यातून झेंडा झाला, नेम धरायचा निशाणा झाला आणि गेलेल्या माणसाची जपून ठेवलेली निशाणीही झाली.

यातलं थोडंफार मी त्या रविवारीच काकांना सांगू गेलो, तर ते म्हणाले, ‘‘भरती लागतेय, चला.’’ पाणी पिंढरीपर्यंत आलं होतं. पोरगं पुढे चालत होतं, मध्येच थांबून मागे किल्ल्याकडे बघत होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर गोणपाट कचऱ्याच्या गाडीत टाकताना कोणीतरी त्याला विचारलं, कोणाबरोबर गेला होतास? तो म्हणाला, ‘‘गोलंदाजकाकांबरोबर. तोफेचे.’’