नेंगाजो: निरोप घेणारं कार्ड

जपानमध्ये राहत असाल तर १ जानेवारीला तुमच्या टपालपेटीत एखादं ‘नेंगाजो’ पडेल. नेंगाजो म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छांचं पोस्टकार्ड.

जपानात पोस्टकार्ड आलं १८७३ मध्ये. १८९९ पासून डिसेंबरात टाकलेल्या कार्डांवरही १ जानेवारीचा शिक्का पडू लागला. महायुद्धात ही सोय बंद पडली. मग १९४९ च्या डिसेंबरात सोडतीचे नंबर छापलेली कार्डं निघाली. सर्वात मोठं बक्षीस होतं शिलाई मशीन! युद्धात पांगलेल्या माणसांना ‘आम्ही आहोत, बरे आहोत’ एवढं कळवायला निमित्तच मिळालं.

२००४ सालासाठी जवळपास ४४६ कोटी कार्डं छापली गेली, २०२५ साठी सुमारे १०७ कोटी. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोस्टकार्डाचा दर ६३ येनवरून ८५ झाला, पण गळती त्याच्या कितीतरी आधीची.

आता बरेच वयस्क लोक शेवटच्या कार्डावर लिहितात, ‘यापुढे नेंगाजो पाठवणार नाही.’ घरात कोणी गेलं असेल, तर तेही आधीच कार्डानं कळवतात, म्हणजे त्या वर्षी शुभेच्छा येत नाहीत.

आपली दिवाळीची ग्रीटिंग कार्डं आठवतात? ती कधी थांबली, सांगता येईल? आपण व्हॉट्सॲपवर गेलो, पण कुणाचा निरोप घ्यायचं काही सुचलं नाही.