प्रवाळ-मत्स्यालय, घरगुती : शेवाळ-नियंत्रण व पाण्याची गाळण

काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ आणि मोजके मासे सांभाळणे, म्हणजे प्रवाळ-मत्स्यालय किंवा रीफ टँक. साधारण शंभर लिटरच्या आतल्या टाकीला शौकीन ‘नॅनो’ म्हणतात. प्रवाळभित्तीवरच्या समुद्रात पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. टाकीत मात्र विष्ठा व उरलेल्या खाद्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट साचत जाते. शेवाळ त्यावरच पोसते. ही द्रव्ये बाहेर काढली नाहीत, तर खरवडलेले शेवाळ पुन्हा उगवते.

गाळणीचे मुख्य काम जिवंत खडक करतो. त्याच्या पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. प्राणवायू न पोचणाऱ्या आतल्या छिद्रांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी असा खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत १९६१ मध्ये मांडली. पुढच्या ‘बर्लिन पद्धती’त खडकाला प्रोटीन स्किमरची जोड मिळाली. स्किमरमधल्या बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय द्रव्ये चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमतात. तपकिरी, उग्र वासाचे ते पाणी फेकून द्यायचे. लहान टाकीत मात्र आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे हाच स्वस्त आणि भरवशाचा उपाय. महागडी यंत्रे त्यानंतर.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी शेवाळालाच गाळणीला जुंपले. त्याच तत्त्वावर वेगळ्या कप्प्यात केटोमॉर्फा हे शेवाळ वाढवून वेळोवेळी छाटतात. छाटणीबरोबर पोषकद्रव्येही जातात. या कप्प्यातला दिवा रात्री लावला, तर सामू कमी घसरतो.

नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा डायटमचा असतो आणि आपोआप ओसरतो. हिरवे केसाळ शेवाळ हाताने उपटावे, खडक जुन्या टूथब्रशने घासावा आणि सुटलेले तुकडे लगेच नळीने ओढून घ्यावेत. टर्बो व ट्रोकस गोगलगायी उरलेले खुरटे शेवाळ चरतात. टर्बो उलटी पडली तर तिला बऱ्याचदा हाताने सरळ करावी लागते. लालसर, सहज सोलून निघणारा पापुद्रा हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया होत. फॉस्फेट शून्यावर नेण्याचा अट्टहास करू नये : नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपले, की डायनोफ्लॅजेलेटचे चिकट तंतू माजतात आणि ते शेवाळापेक्षा चिवट. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम पुरे.

मीठ आरओ-डीआय, म्हणजे क्षार जवळजवळ पूर्ण काढलेल्या पाण्यातच कालवावे. टीडीएस कंट्रोलर असलेल्या स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालत नाही, कारण त्यात क्षार मुद्दाम राखलेले असतात. बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्यानेच भरावी; मीठ उडून जात नाही.

भारतात २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून ते टाकीसाठी उचलणे गुन्हा आहे.