गटारातला वायू : शास्त्राला ठाऊक असलेला मृत्यू

मलवाहिनीत किंवा सेप्टिक टाकीत उतरलेला कामगार मेला की वृत्तपत्रात एक ठरीव वाक्य येते : विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू. बातमी चार ओळींची असते. कोणता वायू, तो कसा तयार झाला, तो कोणाला आधीपासून ठाऊक होता, हे प्रश्न त्या चार ओळींत मावत नाहीत. जणू तो वायू त्या दिवशी प्रथमच पृथ्वीवर अवतरला आणि नेमका त्या माणसाच्या वाट्याला आला! अशा मृत्यूला आपण 'अपघात' म्हणतो. हा शब्द कितपत खरा आहे हे तपासायचे असेल तर त्या वायूचा इतिहास पाहिला पाहिजे. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी या तिन्ही शास्त्रांनी ज्याचा इतका बारकाईने अभ्यास केला, अशी विषे फार थोडी आहेत.

इतिहासाची सुरुवात एका सफाई कामगाराच्या साक्षीने होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. इटलीतील मोदेना शहरात बेर्नार्दिनो रामात्सिनी नावाचा वैद्य राहत होता. त्याच्या घराचा शौचकूप उपसला जात असताना आत उतरलेला माणूस विलक्षण घाईने काम करीत आहे, हे त्याने पाहिले आणि तो त्याच्याशी बोलायला थांबला. इथे जास्त वेळ राहिलो तर डोळे जातील, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. रामात्सिनीने त्या माणसाचे लाल झालेले डोळे तपासले. या कामगारांच्या खिशातली नाणी काळी पडतात, ही नोंदही त्याने केली. १७०० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात ही हकिकत आहे. चांदीचे आणि तांब्याचे नाणे काळे करणारा तो पदार्थ म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. रसायनशास्त्राने त्याची ओळख पटवली ती नंतर, स्वीडनच्या शीलेने १७७७ च्या सुमारास. म्हणजे शास्त्रज्ञाच्या आधी नाण्याला कळले होते, आणि नाण्याच्या आधी ते खिशात बाळगणाऱ्या माणसाला.

पॅरिसच्या शौचकूप उपसणाऱ्यांनी तर त्याला स्वतःचे नाव दिले होते. ते त्याला 'प्लाँ' म्हणजे शिसे म्हणत. छातीवर शिशाचा गोळा पडावा तसा माणूस खाली कोसळतो म्हणून. १७८५ साली आल्ले या वैद्याने शौचकूपांतील या दूषित हवेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्याकडे पेशवाई होती त्या काळात मैल्याच्या खड्ड्यातली हवा हा तिकडे विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाला होता. फ्रान्समध्ये हे काम करणाऱ्याला मान होता, असा याचा अर्थ नाही. तिरस्कार तिथेही होता. पण त्या मृत्यूचे कारण शोधणे हे विद्येचे काम आहे, असे काही विद्वानांना वाटले, एवढे तरी नोंदवले पाहिजे.

१८९५ हे साल या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या ईस्ट हॅम येथे मलवाहिनीत पाच माणसे मेली. एक उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडच्या बातम्यांतही एकामागून एक उतरलेले तिघे, चौघे असतात, आणि पुष्कळदा ते एकमेकांचे भाऊबंद असतात. त्या घटनेचा तपास जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने केला आणि मारेकरी हायड्रोजन सल्फाइडच असल्याचे दाखवून दिले. हा गृहस्थ स्वतः मलवाहिन्यांत उतरून हवेचे नमुने घेत असे. १८८७ सालच्या निबंधात त्याने व कार्नेली याने सांगितले होते की, नीट वारा खेळणाऱ्या मलवाहिनीतील हवा लोक समजतात तितकी वाईट नसते. म्हणजे मृत्यू हा गटाराचा स्वभाव नव्हे. हवा कोंडू दिली, मैला साचू दिला, की तो येतो.

पुढे खाणीतील विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेण्याची शिफारस याच हाल्डेनने केली. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत होती. खाणकामगारापुढे पक्षी असे. आमच्या मॅनहोलमध्ये पक्ष्याच्या जागी माणूसच उतरतो. हाल्डेनचा मुलगा, प्रख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, लहानपणी वडिलांच्या वायूंवरील प्रयोगांत स्वतः सहभागी असे. तो १९५७ साली भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. तेव्हा हे ज्ञान सातासमुद्रापलीकडे राहिले, अशीही सबब आपल्याला नाही.

त्याच १८९५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बायेरिंक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने या वायूचा उत्पादक शोधला. प्राणवायू नसलेल्या गाळात राहणारा हा जंतू पाण्यातील सल्फेटवर जगतो आणि सल्फाइड बाहेर टाकतो. उतार कमी, प्रवाह मंद, गाळ साचलेला, अशी जागा म्हणजे त्याचे घर. हा वायू हवेपेक्षा सुमारे एकपंचमांश जड असल्याने तळाशी बसतो. शिवाय त्याचा मोठा भाग पाण्यात आणि गाळात विरघळून राहतो. सोड्याची बाटली हलवून उघडली की काय होते ते आपण पाहतोच. तुंबलेला गाळ माणसाने खोऱ्याने ढवळला की तेच होते. म्हणून वर उभे राहून 'सगळे ठीक आहे' म्हणणाऱ्या मुकादमाच्या शब्दाला अर्थ नसतो. विष बाहेर पडते ते कामाला हात घातल्यावर.

ते शरीरात काय करते, हेही अंधारात नाही. पेशींच्या श्वसनाची गुरुकिल्ली असलेल्या सायटोक्रोमचा शोध केंब्रिजच्या डेव्हिड कीलिनने १९२५ साली नव्याने लावला. सायनाइडप्रमाणेच हायड्रोजन सल्फाइडही ही यंत्रणा बंद पाडते, हेही त्याच्या संशोधनातून दिसले. म्हणजे छातीत हवा असूनही पेशी गुदमरतात. सडक्या अंड्याचा वास कोटी भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो, पण दहा हजारांत एक भाग झाला की वासाची जाणीवच मरते. माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. हजारांत एक भाग झाला की तो एक-दोन श्वासांत कोसळतो. आपले कामगार काडी पेटवून पाहतात आणि ज्योत टिकली की उतरतात. पण एवढ्या वायूने ज्योत विझत नाही, माणूस विझतो. आणि आत मिथेन असेल तर ती काडीच स्फोट करते.

आता सगळ्यांत बोलका अध्याय. मलवाहिनीच्या काँक्रीटचा माथा आतून खाल्ला जातो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंत्यांच्या लक्षात आले होते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सी. डी. पार्कर याने १९४५ साली त्याचे कारण मांडले. वर गेलेला वायू माथ्यावरच्या ओलाव्यात विरतो, तिथला दुसरा एक जंतू त्याचे गंधकाम्ल करतो आणि ते आम्ल काँक्रीट पोखरते. त्यानंतर नळ वाचवण्यासाठी केवढे शास्त्र उभे राहिले! सल्फाइड किती होईल याची सूत्रे, आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे अस्तर, वेगळे सिमेंट, वारा खेळवण्याची व्यवस्था. आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हा पाठ शिकवला जातो, आणि शिकवलाच पाहिजे. नळ महाग असतो. तो फुटला तर अंदाजपत्रकात दिसतो. त्याच वायूत उभा असलेला माणूस मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवतो. पूर्वी प्रयोगशाळेत हाच वायू किपच्या उपकरणातून तयार करून क्षार ओळखण्यासाठी वापरत. तो बंद कपाटात ठेवावा, वरून धुराडे असावे, हुंगू नये, अशा सूचना प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात असत. विद्यार्थ्याच्या नाकाची ही काळजी योग्यच होती. पण तो वायू गावच्या गटारातही असतो, हे त्या पुस्तकांत मला कधी आढळले नाही. ज्ञानाला जात नसते म्हणतात. ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचवायचे, हे मात्र जातीनेच ठरवलेले दिसते.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' असा करच होता. मैला वाहणाऱ्या जमातीचे नाव थेट कराला! १९४९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या बर्वे समितीने १९५२ साली अहवाल दिला. तिचा विषय मुख्यतः सफाई कामगारांचे राहणीमान आणि डोक्यावरची टोपली हा होता. १९९३ चा कायदा कोरड्या संडासांपुरता राहिला. भूमिगत गटारात माणूस उतरवण्याचा विचार कायद्यात आला तो २०१३ साली. आणि त्यातही मेख अशी की, संरक्षक साधने न देता उतरवले तरच ते 'धोकादायक सफाई' ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ती २०२३ साली तीस लाख केली. सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसे अशी मेली. 'नमस्ते' योजनेखाली नोंदलेल्या सुमारे ३८,००० कामगारांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केरळात मॅनहोल साफ करणारे यंत्रमानव २०१८ पासून आहेत. तेव्हा अडचण यंत्राची म्हणता येत नाही.

कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. २०१३ च्या नियमांत साधनांची यादी आहे आणि तीत वायुमापकही आहे. आपापल्या नगरपालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. किती मापके घेतली, ती कोणत्या कोठारात आहेत, प्रत्येक मॅनहोल उघडल्यावर आणि गाळ ढवळल्यावर आकडा किती आला, तो कोणी लिहिला, हे विचारा. काम ठेकेदाराकडे आहे असे उत्तर आले तर ठेक्याच्या कराराची प्रत मागा. नोंदवहीची पाने कोरी असतील तर कोऱ्या पानांच्याही साक्षांकित प्रती घ्या. पुढच्या मृत्यूच्या चौकशीत 'अपघात' हा शब्द वापरला गेला, तर त्याच्यासमोर ठेवायला त्या लागतील.