दात, भीती आणि बॉस्टनमधली एक किंकाळी

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आज इतिहासच आहे, पण सुरुवात माझ्या दाढेपासून.

मी अर्जुनी मोरगावचा. गोंदिया जिल्हा, नवेगावबांधच्या जवळ, चहूकडे धानाच्या बांध्या. सहावीत असताना माझी खालची दाढ सुजली. आईने लवंग ठेवून पाहिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, तीन रात्री झोप नाही. डॉक्टरकडे चल म्हणून आईने अक्षरशः दातांच्या कण्या केल्या. बाबा म्हणाले, "भेतं कायले? मुंगी चावल्यावानी वाटते फक्त." मग पॅसेंजर पकडून एका मोठ्या गावातला दवाखाना गाठला. नाव घेत नाही, कारण मुद्दा तो नाहीच.

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने चिमटा लागला आणि मी किंचाळलो. दाढ बधिर झालीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बधिर केलंय, नाटक करू नको." बाबांनी माझे दोन्ही हात खुर्चीला दाबून धरले. दाढ निघाली. त्यानंतर सोळा वर्षं मी कुठल्याही डेंटिस्टची पायरी चढलो नाही. पुण्यात कंपनीने फुकट दातांचा कॅम्प लावला, तर मी त्या दिवशी वर्क फ्रॉम होम घेतलं!

मागच्या वर्षी दुसरी दाढ ठणकायला लागली. जायचं धाडस होईना, म्हणून मी रात्री बसून वाचत सुटलो. प्रश्न एकच होता: बधिर केलं होतं, तर मला दुखलं का?

आता थोडं मागे जाऊ. खूप मागे. बलुचिस्तानात मेहरगढ नावाची जागा आहे. तिथे सात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली. २००६ साली हे संशोधन छापून आलं: नऊ माणसं, अकरा दाढा. म्हणजे शेती नुकतीच सुरू झाली होती आणि दाताचं ड्रिल हजर होतं. सुश्रुतसंहितेतल्या वीस शस्त्रांमध्येही 'दन्तशंकु' आहे.

आणि आपण अजून म्हणतो काय? "दाताला कीड लागली." बॅबिलोनच्या लोकांनाही वाटायचं की दातात खराच किडा बसलाय, तसा मंत्र त्यांनी मातीच्या पाटीवर लिहून ठेवलाय. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच डॉक्टरने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, त्याला किडा काही दिसला नाही. किडा गेला, पण शब्द आपल्या तोंडात राहिला.

पण दुखण्याचं काय? इथे येतो आजचा हिरो, होरेस वेल्स. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा डेंटिस्ट. १० डिसेंबर १८४४ ला तो हसवणाऱ्या वायूचा खेळ बघायला गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला पत्ता नाही. वेल्सची ट्यूब पेटली. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही!

जानेवारी १८४५ मध्ये तो बॉस्टनला गेला, डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करून दाखवायला. वायू पुरेसा गेला नाही, रोगी ओरडला. सभागृहात हुर्यो उडाली, "फसवणूक!" म्हणून. पुढे १८४६ मध्ये त्याच्याच जुन्या सहकाऱ्याने, विल्यम मॉर्टनने, बॉस्टनलाच ईथरचा प्रयोग यशस्वी केला आणि नाव त्याचं झालं. वेल्स खचत गेला. जानेवारी १८४८ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. वय फक्त तेहतीस.

हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला. वेल्सचं औषध खोटं नव्हतं, त्या दिवशी ते नीट पोचलं नव्हतं. पण सगळ्यांना लक्षात राहिली ती एक किंकाळी. माझंही तेच झालं होतं ना?

आज जे इंजेक्शन देतात ते लिग्नोकेन. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते बनवलं. त्याचा रेणू विद्युतभार नसलेल्या रूपातच मज्जातंतूच्या आत शिरतो. पण पू झालेली, सुजलेली जागा आम्लधर्मी असते. तिथे बहुतेक रेणू भार घेऊन बाहेरच अडकतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, पण रिक्वेस्ट फायरवॉलवरच अडकतेय. म्हणजे मी नाटक करत नव्हतो. डॉक्टरही खोटं बोलत नव्हते, त्यांनी औषध दिलंच होतं. फक्त माझं ऐकून कोणी थांबलं नाही.

आपल्याकडे हे शास्त्र शिकवायला तसा उशीरच झाला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं कॉलेज १९३३ चं. डेंटिस्ट म्हणून नोंदणीचा कायदा आला १९४८ मध्ये. आमच्या विदर्भात नागपूरचं सरकारी डेंटल कॉलेज १९६८ चं. तोवर आमच्याकडचे आजी-आजोबा काय करणार? लवंग, कडुलिंबाचं दातुन आणि सहन करणं.

शेवटी मी पुण्यात एका डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी औषध देऊन सूज उतरवली, मग मुळाशी जाणाऱ्या नसेजवळ इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, "दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." मी मुद्दाम दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा त्या थांबल्या. खरं सांगतो, भीती तिथेच अर्धी उतरली.

आता दुसरी गोष्ट, ज्यासाठी हा भाग केला. आमच्याकडे खर्रा किती चालतो ते विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. दिवाळीत पाहिलं, बाबांच्या तोंडात दोनच बोटं जातात. साधारणपणे तीन गेली पाहिजेत. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुये हात मीच धरले होते न."

सोळा वर्षं मला वाटत होतं की भीती फक्त माझी आहे.

त्यांना मी डाव्या हाताची गोष्ट सांगितली. पुढच्या सोमवारी आम्ही नागपूरला जातोय, त्याच सरकारी कॉलेजमध्ये. मी सुट्टी टाकलीय. खर्रा बंद झालाय का? अजून नाही. पण पुडी खिशातून काढताना ते आता माझ्याकडे बघतात.

तुम्हीही आज आरशासमोर तीन बोटं घालून बघा. घरच्यांनाही करायला सांगा. जात नसतील तर दुखायची वाट बघू नका. आणि खुर्चीत बसलात की आधी विचारा, "दुखलं तर थांबाल ना?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!