वुड्स होलची उन्हाळी शाळा

जुलै 1873मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ, पेनिकीस नावाच्या छोट्या बेटावर पन्नासेक जण बोटीतून उतरले. बहुतेक शिक्षक, आणि त्यांत बायकाही होत्या. हार्वर्डचे लुई अगासी यांनी त्यांच्यासाठी उन्हाळी शाळा काढली होती. बेट आणि 50 हजार डॉलर जॉन अँडरसन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने दिलेले. सुतारकाम पुरतं उरकलेलं नव्हतं, जेवणाच्या पंगती जुन्या कोठारात बसायच्या. अगासींचा आग्रह एकच: ज्याला प्राणिशास्त्र शिकवायचंय त्याने आधी जिवंत प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, पुस्तक मागाहून उघडावं.

हा आग्रह मला फार जवळचा वाटतो. येत्या जूनमध्ये मी त्याच परंपरेतल्या वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत भ्रूणशास्त्राच्या सहा आठवड्यांच्या कोर्सला निघाले आहे. बी.एस्सी.ला आमचं भ्रूणशास्त्र म्हणजे कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स: 24 तास, 33 तास, 48 तास, 72 तास. रंगवलेला, काचेत थिजलेला गर्भ मायक्रोस्कोपखाली बघायचा, जर्नलमध्ये पेन्सिलीने काढायचा, भागांना नावं द्यायची आणि बाईंची सही घ्यायची. चोविसाव्या आणि तेहतिसाव्या तासाच्या मधे काय घडलं, ते पाठ करायचं. मला ते मधलं बघायचंय, आणि त्याच ओढीने मी या जागेचा इतिहास वाचत सुटले.

डिसेंबर 1873मध्ये अगासी गेले आणि 1874च्या उन्हाळ्यानंतर पेनिकीसची शाळा बंद पडली. पण तिथे शिकून गेलेल्यांत बॉस्टनच्या शाळेतले एक मास्तर होते, चार्ल्स व्हिटमन. पुढे त्यांनी जर्मनीत डॉक्टरेट केली, टोकियोत शिकवलं, इटलीत नेपल्सला काम केलं. नेपल्सला अँटोन डोर्न यांनी समुद्राकाठी प्रयोगशाळा उभारली होती. देशोदेशीची सरकारं आणि विद्यापीठं तिथलं एकेक टेबल भाड्याने घेत आणि आपला संशोधक पाठवत. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये ॲनिस्क्वॅम गावी आणखी एक छोटी प्रयोगशाळा चालू होती, बॉस्टनच्या स्त्रीशिक्षण संस्थेच्या पैशावर. हे सगळे धागे 1888मध्ये वुड्स होलला एकत्र आले. एक लाकडी इमारत उभी राहिली आणि व्हिटमन पहिले संचालक झाले. शिकणारे आणि संशोधन करणारे एकाच छताखाली असावेत, हा त्यांचा हट्ट. पहिल्याच हंगामात माउंट होल्योकच्या कॉर्नेलिया क्लॅप तिथे टोडफिशवर काम करत होत्या. त्याही पेनिकीसला शिकलेल्या.

उन्हाळाच का? एक तर विद्यापीठांना सुट्टी. आणि दुसरं कारण पाण्यात होतं. तिथल्या अर्बेशिया या काटेरी सी अर्चिनची अंडी साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पिकतात. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं की मादी लालसर अंडी सोडते. शुक्रपेशी मिसळल्या की मिनिटा-दोन मिनिटांत अंड्याभोवती पारदर्शक आवरण उचललं जातं आणि तासाभरात एका पेशीच्या दोन होतात. सगळं नजरेसमोर, जिवंत!

ही अंडी कशी हाताळावीत हे अर्नेस्ट जस्ट यांच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. हॉवर्ड विद्यापीठातले हे कृष्णवर्णीय प्राध्यापक 1909पासून वीसेक वर्षं जवळजवळ दर उन्हाळ्यात वुड्स होलला आले. काचेची भांडी स्वच्छ हवीत, पाणी तापता कामा नये, अंडी निसर्गात असतात तितकी निरोगी राहिली पाहिजेत. त्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. शुक्रपेशी जिथे शिरते तिथून आवरण सुटायला लागतं आणि मग अंडंभर पसरतं, हे त्यांनी सँड डॉलरच्या अंड्यांत बारकाईने टिपलं. वर्णभेदामुळे अमेरिकेच्या बड्या विद्यापीठांनी त्यांना जागा दिली नाही आणि अखेरची बरीच वर्षं त्यांना युरोपात काम शोधावं लागलं. इतक्या मोठ्या माणसावर झालेला हा अन्याय वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होते.

1982च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून टिम हंट शिकवायला आले. अर्बेशियाच्या फलित अंड्यांत कोणती प्रथिनं तयार होतात, ते दर काही मिनिटांनी नमुना काढून बघत होते. एक प्रथिन वाढत जायचं आणि पेशी विभागताना नाहीसं व्हायचं, पुन्हा वाढायचं, पुन्हा नाहीसं. हेच सायक्लिन. पेशीविभाजनाचं घड्याळ त्यातून उलगडलं आणि 2001मध्ये हंट नोबेलचे मानकरी झाले. फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा नमुना घेतला असता, तर हे दिसलंच नसतं.

म्हणून मला जायची घाई झाली आहे. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला काळे सी अर्चिन दिसतात, आणि आमच्याकडचे विद्यार्थी ते बरणीतल्या फॉर्मॅलिनमध्ये पाहतात. परत आल्यावर, रीतसर परवानगी काढून, मे महिन्याच्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या शिक्षकांसाठी किनाऱ्यावरच एक छोटी शाळा भरवायची, असं मी ठरवलंय. त्यासाठी आधी आपल्या अर्चिनची अंडी कोणत्या महिन्यांत पिकतात, हे वर्षभर नोंदवत बसावं लागेल. ते काम कसं करायचं, हे मला वुड्स होलला शिकायचं आहे.