दोन पुतळ्यांचे गाव

नॉर्मंडीतील विमूतिए हे गाव पॅरिसच्या पश्चिमेस सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. वी या लहानशा नदीच्या काठी मध्ययुगात एक मठ होता. 'वीवरील मठ' या अर्थाच्या शब्दांतूनच गावाचे नाव सिद्ध झाले. ज्युमिएज येथील प्रख्यात मठाची सत्ता या गावावर शतकानुशतके चालली. पुढे येथील विणकर नावारूपास आले. 'क्रेटॉन' म्हणून जे जाड कापड पडद्यांकरिता व गाद्यांच्या अभ्र्यांकरिता वापरतात, त्याचे नाव क्रेतों नावाच्या येथील एका विणकरावरून पडले, असे सांगतात. परंतु वाट वाकडी करून जो प्रवासी आज विमूतिएला जातो, तो मठासाठी जात नाही व कापडासाठीही जात नाही. तो चीजसाठी जातो. गावापासून चारपाच किलोमीटरवर, सफरचंदांच्या बागा आणि गुरांची कुरणे यांच्यामध्ये, जेमतेम दोनशे वस्तीचे कामांबेर नावाचे खेडे आहे. या खेड्याने आपले नाव सगळ्या जगाला दिले. बाजार, म्युनिसिपालिटी आणि पुतळे मात्र विमूतिएकडे राहिले.

पुतळे असे अनेकवचन आम्ही मुद्दाम वापरले आहे. मारी आरेल या एकाच शेतकरी स्त्रीचे दोन पुतळे या गावाने जपले आहेत, आणि त्यांपैकी एकाला शिर नाही. या शिर नसलेल्या पुतळ्याचा वृत्तांत हाच वस्तुतः या गावाचा इतिहास होय.

प्रथम कथा सांगितली पाहिजे, कारण फ्रान्समधील शाळकरी मुलालाही ती ठाऊक असते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९१ साली, नव्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देणारा बोंवू नावाचा एक धर्मगुरू कामांबेरजवळच्या बोमोंसेल या वाड्यात लपून राहिला. तो ब्री प्रांताकडचा असल्यामुळे तेथील मऊ चीज कसे करतात हे त्याला माहीत होते. वाड्यावर काम करणाऱ्या मारी आरेलने त्याला आसरा दिला. त्या उपकाराची फेड म्हणून त्याने आपली विद्या तिला शिकविली. मारीने ब्रीची रीत उचलली, परंतु साचा मात्र आपल्या मुलखातील लिवारो चीजचा, म्हणजे आकाराने लहान असा, वापरला. आणि कामांबेर जन्मास आले.

कथा गोड आहे. राजनिष्ठांना तिच्यात छळ सोसणारा धर्मगुरू सापडतो आणि प्रजासत्ताकवाद्यांना कष्टाळू शेतकरी स्त्री सापडते. फ्रान्सच्या दोन्ही पक्षांना एकाच ताटावर बसविणारी अशी दुसरी कथा क्वचितच असेल. परंतु ज्याचा दिवस दप्तरात जातो, त्याला गोड कथा ऐकली की तारखा तपासून पाहण्याची खोड लागते. मारीचा जन्म १७६१ चा. नाटककार कोर्नेय याचा धाकटा भाऊ तोमा कोर्नेय याने भूगोल व इतिहास यांचा एक मोठा कोश १७०८ साली प्रसिद्ध केला. विमूतिएच्या नोंदीत तो म्हणतो की येथे दर सोमवारी मोठा बाजार भरतो आणि लिवारो व कामांबेर येथील उत्तम चीज त्या बाजारात येते. म्हणजे मारी जन्मण्यापूर्वी त्रेपन्न वर्षे कामांबेरच्या चीजची कीर्ती छापून झाली होती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंनी पंधरा दिवसांत देश सोडावा, असा कठोर हुकूम सुटला तो २६ ऑगस्ट १७९२ रोजी. १७९१ मध्ये अशा माणसाची नोकरी जाई, परंतु जिवाच्या भीतीने वाड्यात दडी मारण्याची वेळ सहसा येत नसे. तेव्हा कथेतील साल कोणीतरी मागाहून घातलेले दिसते.

ते दिवस या मुलखात खरोखरच भयंकर होते, हे मात्र कोणी नाकारू नये. स्नानाच्या टबात बसलेल्या मारा या क्रांतिकारक पुढाऱ्याला १३ जुलै १७९३ रोजी सुरा खुपसून ठार करणारी शार्लोत कोर्दे ही विमूतिएपासून काही मैलांवरच जन्मली होती. ती मारी आरेलहून सात वर्षांनी लहान.

मग मारीने केले तरी काय? आमच्या मते, तिने चीज शोधून काढले नाही, परंतु चीज करणारे घराणे निर्माण केले. आणि इतिहासात हे दुसरे काम पहिल्याहून कमी मोलाचे नसते. कामांबेर परिसरातील अनेक शेतकरी स्त्रिया आपापल्या घरी हा पदार्थ करीत होत्या. मारीच्या मुलीने तोमा पेनेल याच्याशी लग्न केले, आणि मुली, जावई, नातवंडे अशी सर्व मंडळी याच धंद्यात पडली. घरातील बायकांचे हातखर्चाचे साधन होते, त्याचा व्यापार झाला. मारी १८४४ साली विमूतिए येथे वारली, तेव्हा पॅरिसकडचा रस्ता अजून घोडागाड्यांचा होता व मऊ चीज तो प्रवास सोसत नसे. पुढील दहाबारा वर्षांत रेल्वे नॉर्मंडीत पोहोचली आणि दिवसांचे अंतर तासांवर आले. १८६३ साली तिसरा नेपोलियन या भागातून जात असता सुर्दों स्थानकावर मारीचा नातू व्हिक्टर पेनेल याने त्याला आपले चीज अर्पण केले, बादशहा प्रसन्न झाला आणि त्याने ते राजवाड्यावर पाठवीत जाण्यास सांगितले, अशी हकिकत आहे. आजीच्या कथेला पहिला मोठा श्रोता लाभला तो येथे.

तरीही कामांबेरला जगभर नेले ते बादशहाने नव्हे, एका खोक्याने. गवताच्या काडीवर मांडून पाठविलेले मऊ चीज पॅरिसपलीकडे धड पोहोचत नसे. १८९० च्या सुमारास रिदेल नावाच्या इंजिनियरने पॉपलरच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची गोल डबी काढली. वजनास हलकी आणि किमतीस स्वस्त अशी ही डबी एकावर एक रचली तरी आतील माल चेंगरत नसे; शिवाय झाकणावर चित्र चिकटविण्यास जागा मिळाली. पहिल्या महायुद्धात हीच डबी खंदकांतील सैनिकांच्या शिध्यात गेली. दक्षिणेकडील ज्या शेतकऱ्यांनी नॉर्मंडीचे नावही ऐकले नव्हते, ते युद्धाहून परतले ते कामांबेरची चव घेऊन. याच सुमारास त्याचे रूपही पालटले. जुन्या चीजवर निळसर करड्या बुरशीचा थर असे. पाश्चर संस्थेतील संशोधनाने पांढऱ्या बुरशीची निवड केलेली जात हाती आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कामांबेर पांढरेशुभ्र झाले. आज आपण ज्याला परंपरा समजतो तो पांढरा रंग मारी आरेलने पाहिलाही नसेल.

आता खरा पेच येतो. माल जसा सर्वत्र जाऊ लागला, तसे नावही सुटले. फ्रान्सच्या इतर प्रांतांत, पुढे परदेशांतही, कोणीही चीज करावे आणि त्याला कामांबेर म्हणावे, असे झाले. नॉर्मंडीतील उत्पादकांनी १९०९ साली 'खऱ्या' कामांबेरच्या रक्षणासाठी संघ काढला व ते न्यायालयात गेले. जानेवारी १९२६ मध्ये ऑर्लेआं येथील अपील न्यायालयाने निकाल दिला की कामांबेर हे नाव आता सर्वसामान्य झाले असून ते कोणा एका मुलखाचे राहिलेले नाही. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना या निकालातील दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीच्या गावच्या बाजारात 'नागपुरी' म्हणून कोणती संत्री गळ्यात मारतात, हे आपण जाणतोच. आणि तेथे तर निदान २०१४ पासून भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंद आहे.

निकालाला दोन महिने होतात न होतात तोच, मार्च १९२६ मध्ये, विमूतिएत एक अमेरिकन डॉक्टर उतरला. जोसेफ क्निरिम त्याचे नाव. कामांबेर खाऊन आपला जुनाट पोटाचा विकार बरा झाला आणि तोच उपाय आपण रुग्णांनाही सांगतो, असे त्याचे म्हणणे होते. फ्रेंच त्याला येत नव्हते. म्हणून आपले निवेदन त्याने लिहून आणले होते. हे चीज ज्या मारी आरेलने दिले तिला आदरांजली वाहावी, एवढ्यासाठी आपण समुद्र ओलांडून आलो असून तिचे स्मारक व्हावे, अशी त्याची इच्छा होती. गंमत अशी की गावात त्या वेळी हे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तथापि बाईचे नाव सापडले, डॉक्टरने स्वतः वर्गणीला आरंभ करून दिला, आणि जे न्यायालयात हरले होते ते चौकात जिंकता येईल हे गावाच्या ध्यानी आले. ११ एप्रिल १९२८ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र मिलरां यांच्या हस्ते मारी आरेलच्या पुतळ्याचे अनावरण झाले. कामांबेर सर्वांचे झाले असेल, परंतु त्याची आई विमूतिएची, असे दगडात कोरून झाले.

आम्ही वर तोमा कोर्नेयची साक्ष काढली आहे. तिच्या बळावर या पुतळ्याला हसणे सोपे आहे. परंतु १७०८ पूर्वी व नंतर ज्या अनामिक बायकांनी दूध तापवून, विरजून, साचे भरून हा पदार्थ घडविला, त्यांच्यापैकी एकीचे तरी नाव चौथऱ्यावर चढले. राजे, सेनापती आणि विद्वान यांनी भरलेल्या युरोपच्या चौकांत एक गवळण उभी राहिली, याचा आम्हांस आनंदच वाटतो.

हा पुतळा सोळा वर्षे टिकला. १९४४ च्या ६ जूनला दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. आघाडीकडे येणारी जर्मन कुमक अडवावी म्हणून पाठीमागील गावांतील रस्त्यांचे नाके बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त करण्याचे सत्र सुरू झाले. १४ जून रोजी अमेरिकन विमाने विमूतिएवर आली. काही मिनिटांत गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला आणि दोनशेहून अधिक नागरिक मरण पावले. त्या ढिगाऱ्यात मारी आरेलचे शिर उडाले. ऑगस्टमध्ये फालेजच्या कोंडीतून जर्मन सैन्य याच रस्त्यांनी मागे हटले. त्यांनी टाकून दिलेला एक अवजड 'टायगर' रणगाडा गासेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अजून उभा आहे. १९७५ साली तो ऐतिहासिक स्मारक म्हणून नोंदला गेला.

युद्धानंतर गाव नव्याने बांधावे लागले. जुन्या घरांच्या शोधात आलेला प्रवासी विमूतिएचे सरळ, सारखे रस्ते पाहून निराश होतो. त्याला कोणीतरी १४ जून ही तारीख सांगावयास हवी. १९५० नंतरच्या दशकात गावाला दुसरा पुतळा मिळाला, आणि तो देणारे पुन्हा अमेरिकन. ओहायो राज्यातील व्हॅन वर्ट येथील बोर्डेन कंपनीच्या कारखान्यात चीज करणाऱ्या चारशे स्त्रीपुरुषांची ही भेट असल्याचे त्यावर कोरले आहे. ज्यांच्या विमानांनी पहिला पुतळा फोडला, त्यांच्याच कामगारांनी दुसरा दिला. शिवाय त्या कारखान्यात कामांबेर नावाचे चीजही होत असे. म्हणजे ज्या उचललेल्या नावाविरुद्ध नॉर्मंडीकर अर्धशतक झगडत होते, त्या नावाचे ऋण जणू दगडात फेडले गेले. ही भेट घ्यावी की न घ्यावी? घरातली माणसे गाडून आलेल्यांच्या मनात काय आले असेल, याचा न्याय आम्ही दुरून करू नये. गावाने ती घेतली. परंतु शिर नसलेला पुतळाही टाकून दिला नाही आणि त्याला नवे शिरही बसविले नाही. तो तसाच जपून ठेवला.

नावाचा तंटा पुढे कायद्याने अर्धा मिटविला. १९८३ साली 'कामांबेर द नॉर्मांदी' या पूर्ण नावाला नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला. नुसते 'कामांबेर' मात्र ऑर्लेआंच्या निकालाप्रमाणे मोकळेच राहिले. संरक्षित नावाच्या अटी अशा की दूध नॉर्मंडीचे व कच्चे असावे. विरजलेले दूध न मोडता डावाने साच्यात घालावे, तेही एकदम नव्हे, तर थोड्याथोड्या वेळाने, थरावर थर देत. पाणी आपल्याच भाराने निथळू द्यावे. आणि पुढे निदान तीन आठवडे मुरू द्यावे. पाव किलोच्या एका चीजला दोन लिटरहून अधिक दूध लागते. हे काम संथ व खर्चाचे आहे. त्यामुळे २००७ साली काही बड्या उत्पादकांनी कच्च्या दुधाची अट सैल करण्याची मागणी केली. आरोग्याचे कारण त्यांनी पुढे केले. लहान उत्पादकांचे म्हणणे असे की दूध तापविले की त्या कुरणांची चवच गेली, मग नाव राखून उपयोग काय? २००८ मध्ये नियम पुन्हा ठरले, तेव्हा कच्च्या दुधाची अट कायम राहिली. तथापि 'कामांबेर' म्हणून खपणाऱ्या मालाच्या मानाने असे चीज आजही थोडेच होते. कामांबेरची डबी हाती घेणाऱ्याने म्हणून झाकणावरील गाईचे किंवा गवळणीचे चित्र सोडून त्याखालील 'द नॉर्मांदी' हे शब्द आहेत की नाहीत, ते पाहावे लागते.