निर्बंध उठले, पण अर्जांची मुदत संपत आली होती: रत्नागिरी जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांसाठी २०२२ मधील माहिती

राज्य शासनाने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि साथरोग कायदा, १८९७ यांखाली लावलेले कोरोनाचे सर्व निर्बंध २ एप्रिल २०२२ पासून मागे घेतले आहेत. मास्क आता ऐच्छिक आहे. विहारातील वंदना, लग्न, मंगलपरिणय, अंत्यविधी, सभा आणि मिरवणूक यांतील उपस्थितीवर आता कोरोनाच्या नियमांची मर्यादा नाही. दोन वर्षे घरात साजरी केलेली बाबासाहेबांची जयंती २०२२ मध्ये पुन्हा रस्त्यावर आणि विहारात साजरी करता येणार होती.

जयंतीच्या तयारीत एक गोष्ट मागे पडू नये, हे तेव्हा महत्त्वाचे होते. निर्बंध संपले म्हणून मदत संपलेली नव्हती, पण मदतीची मुदत मात्र संपत आली होती. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना मिळणाऱ्या ५० हजार रुपयांसाठी जुन्या मृत्यूंचे अर्ज मे २०२२ पर्यंतच घेतले जाणार होते. आपल्या जिल्ह्यात मयत व्यक्तीची कागदपत्रे मुंबईत आणि विधवा पत्नी किंवा आईवडील गावी, अशी स्थिती अनेक घरांत असते. अर्ज राहून जात ते बहुतेक याच अंतरामुळे.

रत्नागिरीत निर्बंध कसे आले, कसे गेले

मागचे आदेश माहीत असणे उपयोगाचे आहे. नुकसान, गुन्हे किंवा मृत्यू यांबाबतचा कोणताही अर्ज करताना त्या तारखेला कोणता नियम लागू होता, हे सांगता आले तर मदत होते.

- ५ एप्रिल २०२१: ‘ब्रेक द चेन’ आदेश लागू. धार्मिक स्थळे बंद. १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून संचारबंदी अधिक कडक. म्हणजे जयंतीच्या दिवशीच.
- ७ जून २०२१: पॉझिटिव्हिटी दर आणि भरलेले ऑक्सिजन बेड या दोन आकड्यांवर जिल्ह्यांचे पाच स्तर. रत्नागिरी सुरुवातीला चौथ्या स्तरात.
- २१ जून २०२१: राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण जाहीर, त्यांपैकी ९ रत्नागिरीचे. त्यानंतर २५ जूनच्या आदेशाने कोणत्याही जिल्ह्याला तिसऱ्या स्तराच्या खाली येता येईना.
- २ ऑगस्ट २०२१: २५ जिल्ह्यांना सवलत. ११ जिल्हे तिसऱ्या स्तरातच राहिले, त्यांत रत्नागिरी.
- ७ ऑक्टोबर २०२१: राज्यातील सर्व धार्मिक स्थळे उघडली.
- ४ मार्च २०२२: लसीकरण आणि रुग्णस्थिती समाधानकारक असलेल्या १४ जिल्ह्यांना जवळजवळ पूर्ण सवलत. या यादीत रत्नागिरी होता. पहिला डोस ९० टक्क्यांहून अधिक, दुसरा ७० टक्क्यांहून अधिक, पॉझिटिव्हिटी १० टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड ४० टक्क्यांपेक्षा कमी भरलेले, असे निकष होते.
- २ एप्रिल २०२२: सर्व निर्बंध मागे.

२०२१ मध्ये चौथ्या स्तरात असलेला आपला जिल्हा सवलतीच्या पहिल्या यादीत आला, त्यात आशा सेविका, आरोग्य सेवक आणि वाडी-वाडीतून माणसे केंद्रावर नेणारे कार्यकर्ते यांचा वाटा आहे. २०२१ चा वर्षावास मात्र बंद विहारांतच सुरू झाला. २२ जुलैला चिपळुणात महापूर आला आणि दोनच दिवसांनी आषाढी पौर्णिमा होती. विहारात एकत्र बसून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन करणे तेव्हा शक्य नव्हते. विहार उघडले ते आश्विन पौर्णिमेच्या तोंडावर.

आता परवानगी कशाची लागते

कोरोनाची परवानगी लागत नाही. नेहमीच्या परवानग्या लागतात. मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज करावा. रस्त्यावर मंडप किंवा कमान असल्यास नगर परिषद, नगर पंचायत किंवा ग्रामपंचायतीची परवानगी वेगळी घ्यावी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हा सर्वसाधारण नियम आहे. वर्षातील ठराविक दिवशी जिल्हाधिकारी १२ वाजेपर्यंत सूट देतात. यंदाच्या यादीत आपला दिवस आहे का, हे ठाण्यातच विचारून घ्यावे. अर्जाची एक प्रत पोच शिक्क्यासह मंडळाकडे ठेवावी. ‘कोरोनामुळे परवानगी नाही’ असे कोणी तोंडी सांगितल्यास लेखी उत्तर मागावे.

आजार मात्र गेलेला नाही. १२ ते १४ वयोगटाचे लसीकरण १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले. ६० वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ मध्ये शासकीय केंद्रात खबरदारीचा डोस मोफत मिळत होता. जयंतीच्या आधी वस्तीतील ज्येष्ठांचा दुसरा डोस राहिला आहे का, ते तेव्हा घरोघर विचारणे गरजेचे होते.

५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ ऑक्टोबर २०२१ च्या निर्णयानंतर राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी याचा शासन निर्णय काढला. रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून थेट वारसाच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होत होती. जात, उत्पन्न किंवा रेशन कार्डाच्या रंगाची अट नव्हती.

*मुदत.* २४ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्जांना कालमर्यादा घातली. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी २४ मार्चपासून ६० दिवस. त्यानंतरच्या मृत्यूंसाठी मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, नेट जाते. म्हणून १५ मे २०२२ हीच आपली शेवटची तारीख धरणे योग्य होते. अत्यंत अडचणीमुळे मुदत चुकली तर तक्रार निवारण समितीकडे कारण देऊन दाद मागता येत होती, पण तो मार्ग लांबचा होता.

*कोणता मृत्यू धरला जात होता.* चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किंवा वैद्यकीय तपासणीत कोरोनाचे निदान झाल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू. तो रुग्णालयाबाहेर किंवा घरी झाला तरी चालत होता. त्याच आजारात सलग रुग्णालयात दाखल असताना ३० दिवसांनंतर मृत्यू झाला असेल तरी तो धरला जात होता. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत आत्महत्या केलेल्या व्यक्तीचे कुटुंबही पात्र होते.

*दाखल्यावर ‘कोविड’ लिहिलेले नाही म्हणून अर्ज नाकारता येत नव्हता.* हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते. अनेक घरांनी याच गैरसमजातून अर्जच केलेला नव्हता. आरटीपीसीआर किंवा अँटिजेन चाचणीचा अहवाल, सीटी स्कॅन, दाखल असतानाचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड यांपैकी जे असेल ते जोडायचे होते. रुग्णालयाने उपचाराची कागदपत्रे कुटुंबाला मागणीनुसार देणे बंधनकारक आहे.

*लागणारी कागदपत्रे.* अर्जदाराचे आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, मयत व्यक्तीचे आधार, मृत्यूचा दाखला, वैद्यकीय कागदपत्रे आणि इतर निकट नातेवाइकांची हरकत नसल्याचे स्वयंघोषणापत्र. या शेवटच्या कागदावर अनेक विधवा भगिनी अडत. सासरची माणसे सही देत नसत किंवा रकमेत वाटा मागत. अशा वेळी वस्तीतील जाणत्या माणसांनी मध्ये बसावे. पैसा पत्नी आणि मुलांचा आहे, हे घरातल्यांना समजावून सांगणे हे पंचांचे काम आहे.

*मृत्यू मुंबईत, घर गावी.* मृत्यूची नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते. त्यामुळे मुंबईतील मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही, तो महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातून काढावा लागतो. अर्ज मात्र ऑनलाइन होता. गावाजवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा स्वतःच्या मोबाइलवरून भरता येत होता. दाखला काढायला मुंबईतला माणूस आणि अर्ज भरायला गावातला, अशी विभागणी केली तर काम लवकर होत असे.

*अर्ज नामंजूर झाला तर.* तिथेच थांबण्याची गरज नव्हती. तक्रार निवारण समितीकडे अपील करता येत होते. नामंजुरीचे कारण वाचून त्याच मुद्द्याचे कागद जोडायचे होते. खोटा दाखला कोणीही जोडू नये. न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतील ५ टक्के अर्जांची पडताळणी करण्यास परवानगी दिली होती आणि खोट्या दाव्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ खाली शिक्षा आहे.

महापुरात कागदपत्रे वाहून गेलेल्या चिपळूण आणि खेडमधील कुटुंबांनी आधी मृत्यू दाखल्याची दुसरी प्रत आणि दुय्यम रेशन कार्ड यांसाठी अर्ज करणे आवश्यक होते.

मुले आणि विधवा भगिनी

कोरोनाच्या काळात आई आणि वडील दोघांनाही गमावलेल्या १८ वर्षांखालील बालकाच्या नावे राज्य शासन ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवत होते. एक पालक गमावलेल्या बालकालाही बाल संगोपन योजनेत २०२२ मध्ये दरमहा १,१०० रुपये मिळू शकत होते. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय, रत्नागिरी येथे अर्ज करायचा होता. मुलांबाबत तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

विधवा भगिनींसाठी ‘मिशन वात्सल्य’ची समिती प्रत्येक तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली होती. संजय गांधी निराधार योजना तहसील कार्यालयातूनच मिळते. दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदा २० हजार रुपये मिळतात. ही रक्कम ५० हजारांपेक्षा वेगळी होती. दोन्ही अर्ज वेगवेगळे करावे लागत.

रेशन

प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेला मार्च २०२२ मध्ये सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब कार्डावर प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळत होते, तेही नेहमीच्या धान्याशिवाय. म्हणजे तेव्हा पावत्या दोन निघायला हव्या होत्या. दुकानदार पावती देत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार करावी किंवा १९६७ वर फोन करावा. कामासाठी मुंबईत असलेल्या माणसाला गावच्या कार्डावर तिथल्या दुकानात धान्य घेता येते.

लॉकडाऊनमधील गुन्हे

संचारबंदी मोडल्याबद्दल अनेक तरुणांवर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हे नोंदले गेले. विद्यार्थी आणि नागरिकांवरील असे गुन्हे मागे घेण्याचे तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी मार्च २०२२ अखेरीस जाहीर केले. घोषणा झाली म्हणजे नाव आपोआप निघत नाही. खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलांना न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. पोलीस भरती, शासकीय नोकरी किंवा पासपोर्टसाठी प्रयत्न करणाऱ्यांनी आपला गुन्हा क्रमांक आणि खटल्याची स्थिती आत्ताच पाहून ठेवावी.

विहारातून काय करता येईल

बौद्धजन पंचायत समितीच्या परंपरेत कोकणातील समाज पूर्वीपासून दोन ठिकाणी संघटित आहे: गावची शाखा आणि मुंबईची शाखा. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आणि वणंद हे माता रमाईंचे माहेर, दोन्ही याच जिल्ह्यात. गिरणीच्या आणि गोदीच्या कामासाठी मुंबईला गेलेल्या माणसांनी गावाशी धागा टिकवला तो या शाखांमुळे. २०२२ मध्ये हाच धागा अर्जांच्या कामी येऊ शकत होता.

त्यासाठी प्रत्येक विहारात एक वही करणे उपयोगाचे होते. मार्च २०२० पासून वस्तीतील जी माणसे गेली, गावात असोत वा मुंबईत, त्यांची नावे, मृत्यूचे ठिकाण आणि तारीख, वारस कोण, कोणता कागद आहे, कोणता नाही, अर्ज क्रमांक काय, एवढेच लिहायचे होते. ज्या नावांपुढे मुंबई आहे त्यांची यादी मुंबई शाखेकडे पाठवायची होती. आधार क्रमांक आणि खात्याचे तपशील वहीत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत. अर्ज भरून देण्यासाठी कोणी पैसे मागू नयेत आणि कोणी देऊ नयेत. ज्या घरात मोबाइल वापरणारे कोणी नाही, त्या घरी दोन तरुणांनी जाऊन बसायचे होते.

१४ एप्रिल २०२२ ला सगळी वस्ती विहारात येणार होती, मुंबईचे बांधवही गावी असणार होते. त्याच दिवशी अभिवादनानंतर ही यादी मोठ्याने वाचून, राहिलेली नावे विचारून कोणाचा कोणता कागद कोण आणणार हे तिथेच ठरवता येणार होते.